प्रोसेसर आहे ना? मग वेगळा इंटरफेस कशाला! यूएसबीवरून गिटार रेकॉर्ड करायचं कसं

मल्टी-इफेक्ट प्रोसेसर (गिटारच्या आवाजाला वेगवेगळे इफेक्ट लावणारा डबा) घेतलेला असतो, हेडफोन लावून रात्री-अपरात्री झकास वाजत असतो, आणि मग कधीतरी वाटतं की हे रेकॉर्ड करून बघू या. विचारायला जावं तर पहिलं उत्तर ठरलेलं, "आधी ऑडिओ इंटरफेस घे", म्हणजे गिटारचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी वेगळी पेटी. माझं म्हणणं आहे की खिशात हात घालायच्या आधी प्रोसेसरची मागची बाजू बघा. तिथं यूएसबी असेल तर बऱ्याच मॉडेल्समध्ये इंटरफेस आतच दिलेला असतो, फक्त तो चालू करायला थोडी खटपट लागते आणि ती खटपट कुणी नीट सांगत नाही म्हणून हा लेख.

एक गोष्ट सुरुवातीलाच. नवीन माणूस अडकतो तो इफेक्टमध्ये नाही आणि सॉफ्टवेअरमध्येही फारसा नाही. तो अडकतो कारण आवाज कुठून निघून कुठं चाललाय आणि आपण तो नेमका कुठल्या टप्प्यावर ऐकतोय हे डोक्यात क्लिअर नसतं. एवढं क्लिअर झालं की बाकी सगळं मेन्यूत शोधायचं काम आहे.

आधी चेक करा की यूएसबी नक्की कशासाठी आहे

यूएसबी दिसला म्हणजे ऑडिओ जातोच असं नाही बरं का. काही प्रोसेसरमध्ये तो फक्त पॅच (म्हणजे सेव्ह केलेला इफेक्टचा एक संच) एडिट करायला आणि फर्मवेअर (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेटला असतो. झूम जी१ फोर आणि जी१एक्स फोर हे त्यातलेच, आपल्याकडे भरपूर पोरांकडे असतात, पण यूएसबीतून ऑडिओ देत नाहीत. उलट बॉस जीटी-१ किंवा लाइन ६ एचएक्स स्टॉम्प यांच्यात ऑडिओ इंटरफेस आहे. मॅन्युअल उघडा आणि त्यात 'यूएसबी ऑडिओ' किंवा 'ऑडिओ इंटरफेस' असे शब्द आहेत का ते शोधा, दोन मिनिटांचं काम आहे, दुकानदाराला विचारू नका, तो हो म्हणणारच. ज्यांच्या प्रोसेसरमध्ये नाहीये त्यांच्यासाठी शेवटाकडे वेगळं लिहिलंय.

केबल

जीटी-१ आणि एचएक्स स्टॉम्पला ती चौकोनी तोंडाची टाइप-बी केबल लागते, म्हणजे प्रिंटरला असते तीच. नवीन मॉडेल्सना टाइप-सी येतंय, काहींना मायक्रो यूएसबी. केबल बॉक्समध्ये असेलच असं नाही. मायक्रो किंवा टाइप-सी असेल तर एक लोच्या असतो, मोबाइल चार्जरबरोबर आलेल्या काही स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात, आत डेटाच्या तारा नसतातच. लाईट लागते, सगळं बरोबर वाटतं आणि कॉम्प्युटरला मात्र काही दिसत नाही. मग माणूस ड्रायव्हर तीन वेळा टाकून बघतो. आधी केबल बदला.

लांबी पाच मीटरच्या आत ठेवा, यूएसबी २.० ची मर्यादा तेवढीच आहे, आणि खरं तर दोन मीटरची पुरते. हब मध्ये न घालता सरळ लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लावा, निदान पहिल्यांदा तरी. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तापकीर गल्ली, या दोन ठिकाणी जमिनीवरची आणि आकाशातली कुठलीही केबल मिळते.

आणि अॅडॅप्टर! गिटार प्रोसेसरना बहुतेक वेळा ९ व्होल्टचा, मधला पिन निगेटिव्ह असलेला अॅडॅप्टर लागतो. घरात पडलेला कीबोर्डचा किंवा राउटरचा अॅडॅप्टर बसतोय म्हणून घुसवू नका, त्यांचा मधला पिन बऱ्याचदा पॉझिटिव्ह असतो आणि ते प्रकरण महागात पडू शकतं. पोलॅरिटीचं चित्र दोन्हींवर छापलेलं असतं, ते जुळवून बघा.

ड्रायव्हर, आणि तो कधी टाकायचा

विंडोज असेल तर कंपनीच्या साइटवरून तुमच्याच मॉडेलचा आणि तुमच्याच विंडोजचा ड्रायव्हर डाउनलोड करा. ड्रायव्हर टाकताना प्रोसेसर सहसा कॉम्प्युटरला जोडलेला नसावा, इन्स्टॉलर स्वतः सांगतो की आता जोडा, तेव्हा जोडायचा. लोक उलटं करतात, आधी जोडतात, विंडोज स्वतःचा काहीतरी जेनेरिक ड्रायव्हर लावून मोकळं होतं आणि मग एएसआयओच्या यादीत प्रोसेसरचं नाव येतच नाही.

हे एएसआयओ काय आहे ते थोडक्यात. विंडोजचा नेहमीचा ऑडिओचा रस्ता गाणी ऐकायला आणि कॉलसाठी ठीक आहे पण त्यात आवाजाला पोचायला उशीर लागतो. स्टाइनबर्ग कंपनीने एएसआयओ नावाचा दुसरा रस्ता काढला, त्यात रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर थेट हार्डवेअरशी बोलतं. प्रोसेसरच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर असेल तर तोच वापरा. एएसआयओ फोर ऑल नावाचा फुकट ड्रायव्हर सगळीकडे सुचवला जातो पण तो विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेलं एक कव्हर आहे, दुसरा काहीच इलाज नसेल तेव्हाच.

मॅकवाल्यांचं सोपं आहे, तिथं कोअर ऑडिओ (मॅकची स्वतःची ऑडिओची यंत्रणा) असतो आणि बरेच प्रोसेसर तसेच दिसतात, पण काहींना मॅकवरही ड्रायव्हर लागतो आणि जुन्या प्रोसेसरचा ड्रायव्हर नव्या मॅकओएसवर चालेलच असं नाही, तेव्हा सिस्टिम अपडेट मारायच्या आधी कंपनीच्या साइटवर बघून घ्या.

जोडल्यावर अजून एक गंमत होते. कॉम्प्युटर प्रोसेसरलाच मेन साउंड कार्ड समजायला लागतो, त्यामुळे लॅपटॉपचे स्पीकर अचानक गप्प होतात. घाबरू नका, आवाज गेलेला नाही, तो प्रोसेसरच्या हेडफोनमध्ये गेलाय. आणि खरं तर आपल्याला तेच पाहिजे.

सॉफ्टवेअर कुठलं

मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट आहे, शिकायला उत्तम. विंडोजवर मी रीपर सांगेन. हलकं आहे, जुन्या लॅपटॉपवर पण पळतं, ६० दिवस पूर्ण फीचर्ससकट वापरून बघता येतं आणि नंतर घरगुती वापराचं लायसन्स ६० डॉलरला आहे. ऑडॅसिटी पण चांगलं आहे पण त्याच्या नेहमीच्या डाउनलोडमध्ये एएसआयओ येत नाही, त्यामुळे एकच ट्रॅक पटकन घ्यायचा असेल तर ठीक, एकावर एक थर चढवायचे असतील तर त्रास होतो. क्रॅक केलेली मोठी सॉफ्टवेअर शोधत बसू नका, त्यात अर्धा वेळ ते चालू करण्यातच जातो.

रीपर उघडलं की कंट्रोल-पी दाबा, प्रेफरन्सेस उघडतं. त्यात ऑडिओच्या खाली डिव्हाइस आहे. वरती ऑडिओ सिस्टिम एएसआयओ करा, खाली ड्रायव्हरच्या यादीत तुमच्या प्रोसेसरचं नाव निवडा, इनपुट चालू आहेत ना ते बघा. मग कंट्रोल-टी, नवीन ट्रॅक येईल. त्यावरचं लाल बटण दाबा म्हणजे ट्रॅक रेकॉर्डिंगला तयार झाला. इनपुटमध्ये स्टिरिओ, १ आणि २ निवडा. गिटारची तार छेडा, मीटर हललं पाहिजे. हललं की निम्मी लढाई जिंकली.

गॅरेजबँडमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन इनपुट आणि आउटपुट दोन्हीकडे प्रोसेसर निवडायचा. नवीन ट्रॅक घेताना मात्र इलेक्ट्रिक गिटारचा पर्याय घेऊ नका, कारण गॅरेजबँड त्यावर स्वतःचा अॅम्प लावून देतो आणि मग तुमच्या प्रोसेसरच्या अॅम्पवर अजून एक अॅम्प, आवाजाचा पार चिखल. माइक किंवा लाइन-इनचा साधा ट्रॅक घ्या आणि त्यावरचे इफेक्ट काढून टाका.

मीटर हलतच नाही, सपाट रेष रेकॉर्ड होतेय? मॅकवर असाल तर प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये जाऊन मायक्रोफोनची परवानगी बघा. मॅकच्या दृष्टीने आत येणारा कुठलाही आवाज म्हणजे मायक्रोफोनच, आणि ती परवानगी पहिल्यांदा विचारतं तेव्हा आपण घाईत नको म्हटलेलं असतं. कुठला एरर येत नाही, नुसती शांतता रेकॉर्ड होत राहते. विंडोज १० आणि ११ मध्ये पण अशी परवानगी असते, एएसआयओ न वापरता रेकॉर्ड करत असाल तर तिथंही बघा.

आता मुख्य मुद्दा: ऐकायचं कुठून

इथंच सगळ्यात जास्त लोक अडकतात म्हणून जरा सावकाश वाचा.

गिटारचा आवाज प्रोसेसरमध्ये जातो, तिथं त्याला इफेक्ट लागतात. तिथून त्याला दोन वाटा आहेत. एक वाट सरळ प्रोसेसरच्या हेडफोन जॅकला जाते, ती जवळजवळ तत्काळ. दुसरी वाट यूएसबीतून कॉम्प्युटरमध्ये, सॉफ्टवेअरमधून फिरून परत यूएसबीतून प्रोसेसरमध्ये आणि मग त्याच हेडफोनला. ही लांबची वाट आहे, तिला वेळ लागतो. दोन्ही वाटा एकदम चालू असतील तर तुम्हाला तोच सूर दोनदा ऐकू येतो, थोडा पुढे-मागे, कधी एको सारखं कधी डब्यातून बोलल्यासारखं. लोकांना वाटतं पॅच बिघडला किंवा डिले चालू राहिला.

उपाय एकच, एक वाट बंद करा. आणि नवीन माणसाने लांबची बंद करावी. रीपरमध्ये ट्रॅकवर मॉनिटरचं बटण असतं (छोटा स्पीकर), ते ऑफ करा. गॅरेजबँडमध्ये पण ट्रॅकवर तसंच मॉनिटरिंगचं बटण आहे. आता तुम्ही स्वतःला थेट प्रोसेसरमधून ऐकताय, उशीर नाही, आणि आधी रेकॉर्ड केलेले ट्रॅक किंवा बॅकिंग ट्रॅक कॉम्प्युटरमधून येऊन त्याच हेडफोनमध्ये मिसळतायत. म्हणून हेडफोन प्रोसेसरलाच लावायचे, लॅपटॉपला नाही. लॅपटॉपला लावून बसलात तर या सगळ्याचा फायदाच गेला.

उलटं कधी करायचं? तुम्हाला सॉफ्टवेअरमधला एखादा इफेक्ट वाजवतानाच ऐकायचा असेल तेव्हा. मग सॉफ्टवेअरचं मॉनिटर ऑन आणि प्रोसेसरमधली थेट वाट बंद. बॉसमध्ये ही थेट वाट डायरेक्ट मॉनिटर या नावाने सेटिंगमध्ये असते. तेव्हा मग उशीर किती होतोय हे महत्त्वाचं होतं आणि तो ठरतो बफरवर, म्हणजे आवाजाची किती सॅम्पल (मोजमापं) गोळा करून कॉम्प्युटर एका वेळी पुढे पाठवतो त्यावर. ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४४,१०० सॅम्पल असताना, १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण २.९ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.८, ५१२ म्हणजे ११.६. हा एका बाजूचा हिशोब, जाऊन-येऊन दुप्पट आणि वर ड्रायव्हरचं थोडं. तुलनेला सांगतो, हवेत आवाजाला एक मीटर जायला जवळपास २.९ मिलिसेकंदच लागतात, म्हणजे स्टेजवर अॅम्पपासून तीन मीटर लांब उभं राहिलात तर नऊ मिलिसेकंदांचा उशीर तुम्ही आधीपासून सहन करताय आणि कुणाची तक्रार नसते. त्यामुळे आकड्यांच्या मागे वेडं होऊ नका. वाजवताना बोट आणि आवाज वेगळे वाटायला लागले तरच बफर कमी करा, आणि कमी केल्यावर तडतड-फटफट आवाज यायला लागला तर परत वाढवा. थेट प्रोसेसरमधून ऐकत असाल तर बफर ५१२ असला तरी काही फरक पडत नाही, आणि जुन्या लॅपटॉपवाल्यांसाठी हीच सगळ्यात मोठी सोय आहे.

सॅम्पल रेट

जीटी-१ चालतो ४४.१ किलोहर्ट्झवर, एचएक्स स्टॉम्प आतून ४८ वर. प्रोजेक्टचा सॅम्पल रेट प्रोसेसरच्या रेटशी जुळवून ठेवा आणि विषय सोडून द्या. नाही जुळवलं तर कधी ड्रायव्हर सुरूच होत नाही, कधी तडतड येते. ९६ वर रेकॉर्ड केलं की भारी वाटेल असं काही नसतं. बिट डेप्थ (प्रत्येक सॅम्पल किती बारकाईने मोजायचं तो आकडा) मात्र २४ ठेवा.

लेव्हल

२४ बिटवर रेकॉर्ड करताना आवाज मोठा घ्यायची अजिबात गरज नाही. सगळ्यात जोरात वाजवाल तेव्हा मीटर वजा १२ ते वजा ६ डेसिबलच्या मधे राहिलं पाहिजे, शून्याला टेकलं की फाटलं, आणि ते फाटलेलं नंतर शिवता येत नाही. खूप जण प्रोसेसरचा मेन व्हॉल्यूम नॉब फिरवत बसतात आणि मीटर ढिम्म हलत नाही, कारण बऱ्याच मॉडेल्समध्ये तो नॉब हेडफोन आणि जॅकचाच असतो, यूएसबीची लेव्हल मेन्यूत वेगळी असते. तिथं जा. आणि प्रत्येक पॅचची लेव्हल वेगळी असते हे पण लक्षात ठेवा, क्लीनला सेट केलंत आणि लीडच्या पॅचवर बूस्ट असेल तर तिथं फाटेल.

रेकॉर्ड करायच्या आधी पॅचकडे एकदा बघा

मेन्यूत आउटपुट सिलेक्ट सारखं सेटिंग असतं, बॉसच्या जीटी मालिकेत तर असतंच. तुम्ही प्रोसेसर कशाला जोडलाय हे त्याला सांगायचं असतं. कॉम्प्युटरला किंवा हेडफोनला जोडला असेल तर लाइन/फोन्स निवडा. ते चुकून अॅम्पवर राहिलं तर स्पीकर कॅबिनेटची नक्कल बंद होते किंवा बदलते आणि डिस्टॉर्शन अगदी मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखं ऐकू येतं. "प्रोसेसरचा आवाज डिजिटल वाटतो" अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी हे एक सेटिंग बघावं.

दुसरं म्हणजे गेन (डिस्टॉर्शन किती ते ठरवणारा नॉब) कमी करा. एकटं वाजवताना जेवढा गेन बरा वाटतो तेवढा रेकॉर्डिंगमध्ये जास्त होतो, विशेषतः दोन गिटार एकावर एक घेणार असाल तर. रिव्हर्ब पण थोडा कमी घ्या, नंतर सॉफ्टवेअरमध्ये वाढवता येतो पण एकदा रेकॉर्ड झालेला काढता येत नाही.

आणि स्टिरिओ घ्यायचं का मोनो? पॅचमध्ये डावीकडून उजवीकडे उडणारा डिले किंवा रुंद कोरस असेल तर स्टिरिओ, नाहीतर निम्मा इफेक्ट हरवेल. साधी ऱ्हिदम गिटार असेल तर मोनो पुरे. रुंद आवाज पाहिजे असेल तर तोच भाग दोनदा वेगवेगळा वाजवा आणि एक डावीकडे एक उजवीकडे टाका. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर रुंद होत नाही, नुसता मोठा होतो.

ज्यांच्या प्रोसेसरमध्ये सोय आहे त्यांनी कोरी गिटार पण सोबत रेकॉर्ड करावी. एचएक्स स्टॉम्पमध्ये यूएसबी १-२ वर इफेक्ट लावलेला आवाज येतो आणि ५-६ वर बिनइफेक्टची गिटार. दुसरा ट्रॅक घ्या, इनपुट ५ द्या, म्यूट करून ठेवा. उद्या टोन आवडला नाही तर हीच कोरी गिटार प्रोसेसरमध्ये परत पाठवून दुसऱ्या पॅचने रेकॉर्ड करता येते, परत वाजवायला नको.

घूं... आवाज येतोय

आपल्याकडच्या घरांमध्ये हा येणारच. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गेला? मग चार्जर आणि अर्थिंगचा घोळ आहे, रेकॉर्डिंग बॅटरीवर करा किंवा चार्जर नीट अर्थिंग असलेल्या तीन पिनच्या सॉकेटला लावा. जीटी-१ चार एए सेलवर पण चालतो, तसा प्रोसेसर असेल तर सेलवर टाकून बघा, दोष कुणाचा ते लगेच कळतं. नाही गेला तर गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. आता थांबला असेल तर आवाज पिकअपमधून येतोय, सिंगल कॉइलवाल्यांना (एकाच गुंडाळीचा पिकअप) हे जास्त. फॅनचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, डिमर, जुनी ट्यूब, लॅपटॉपचा चार्जर यांच्यापासून लांब बसा, गिटार हातात धरून खुर्चीवर हळूहळू फिरा, एका कोनात आवाज एकदम पडतो, तिथंच बसून वाजवा. फॅन पूर्ण बंद किंवा पूर्ण पाचवर, मधे ठेवू नका (मे महिन्यात अर्थातच पाचवर). नॉइज गेट (ठराविक लेव्हलखालचा आवाज बंद करणारा इफेक्ट) लावा पण थोडाच, जास्त लावला तर सूर विरायच्या आधीच कापला जातो.

यूएसबी ऑडिओ नसेल तर

इथं मात्र इंटरफेस पाहिजेच. फोकसराइट स्कार्लेट सारखा कुठलाही छोटा चालेल, फक्त स्टिरिओ पाहिजे असेल तर दोन लाइन इनपुट आहेत ना ते घेताना बघा. प्रोसेसरच्या डाव्या-उजव्या आउटपुटमधून दोन केबल, मोनो असेल तर डावीकडची एकच. आणि इंटरफेसवरचं इन्स्ट्रुमेंटचं बटण बंद ठेवा कारण प्रोसेसरमधून लाइन लेव्हलचा, म्हणजे गिटारपेक्षा जोरदार, सिग्नल येतोय, थेट गिटारचा नाही.

लॅपटॉपच्या हेडफोन-माइकच्या एकत्र जॅकमध्ये घुसवायचा मोह टाळा. तो माइकसाठी आहे, मोनो आहे, लेव्हल खूप संवेदनशील असते, आवाज फाटतोच. डेस्कटॉप असेल तर मागे निळ्या रंगाचं लाइन-इन असतं ते चालतं. दुकानात जाऊन ईपी स्टिरिओ टू दोन पी-३८ मोनो अशी केबल मागा (ईपी म्हणजे हेडफोनची छोटी ३.५ मिमीची पिन, पी-३८ म्हणजे गिटारची मोठी पिन), काउंटरवरच्या माणसाला बरोबर कळतं. क्वालिटी ठीकठाक मिळते आणि एएसआयओ नसल्यामुळे मॉनिटरिंग प्रोसेसरच्या हेडफोनमधूनच करावं लागतं.

रेकॉर्ड आणि सेव्ह

आधी प्रोजेक्ट सेव्ह करा, मग रेकॉर्ड करा. रीपर सेव्ह करताना प्रोजेक्टसाठी वेगळा फोल्डर बनवायचा पर्याय देतं, तो टिक करा, नाहीतर ऑडिओ फाइल्स कुठं जाऊन पडतात ते शोधत बसावं लागतं. कंट्रोल-आर दाबलं की रेकॉर्डिंग सुरू, स्पेस दाबलं की थांबतं. मेट्रोनोम लावूनच वाजवा, कंटाळा आला तरी, कारण नंतर ड्रम टाकायचे म्हटले की बिन-मेट्रोनोमच्या टेकचं काही करता येत नाही.

रेकॉर्डिंगच्या वेळी ब्राउजर बंद ठेवा. बरेच एएसआयओ ड्रायव्हर एका वेळी एकाच सॉफ्टवेअरला धरतात, त्यामुळे यूट्यूब चालू असेल तर रीपर अडतं आणि रीपर चालू असेल तर यूट्यूब मुकं होतं. बॅकिंग ट्रॅक ब्राउजरमधून न वाजवता फाइल उचलून सरळ रीपरमध्ये टाका, म्हणजे दोन्ही एका टायमिंगवर राहतात.

झालं की फाइल मेन्यूतून रेंडर, म्हणजे सगळे ट्रॅक मिळून एक फाइल. मित्रांना पाठवायला एमपी३, ठेवायला २४ बिट वेव्ह, व्हिडिओला जोडणार असाल तर ४८ किलोहर्ट्झ. आणि ट्रॅकच्या नावात पॅचचा नंबर आणि गिटारचं पिकअप लिहून ठेवा, 'ऱ्हिदम पॅच १२ ब्रिज' असं काहीतरी. पॅच बदलून सेव्ह केला असेल तर एडिटर सॉफ्टवेअरमधून त्याची फाइल काढून त्याच प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टाका, कारण दोन महिन्यांनी एक ओळ परत वाजवायची वेळ येते आणि तेव्हा तो टोन परत लावायचा तर हीच फाइल लागते.